बोकड, मेंढा आणि सेवक : प्रायश्चित्ताविषयी वाचकांचे प्रश्न

यशयाचा ५३ वा अध्याय, म्हणजे इतरांसाठी दुःख सोसणाऱ्या परमेश्वराच्या सेवकाचा अध्याय, आणि ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ याविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांतला गुंता एकाच ठिकाणी आहे. नियमशास्त्रात, म्हणजे मोशेच्या धर्मनियमांत, अर्पणे अनेक प्रकारची आहेत आणि आपण ती सगळी एकच समजून वाचतो. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

प्रश्न : पूर्वी पापाबद्दल पशू मारत, पुढे येशू मेला. गोष्ट इतकी सरळ असताना पापार्पण, दोषार्पण असले भेद लक्षात ठेवायची गरज काय?

गरज आहे, कारण यशया ५३:१० मध्ये सेवकाचा जीव दोषार्पण होतो असे म्हटले आहे. पापार्पण होतो असे नव्हे.

लेवीय या पुस्तकाच्या पहिल्या सात अध्यायांत पाच अर्पणे सांगितली आहेत : होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण. पापार्पण नकळत घडलेल्या पापाबद्दल आणि काही प्रकारच्या अशुद्धतेबद्दल असे. पाप कोणाचे त्यावर पशू ठरे. अभिषिक्त याजकाचे किंवा सगळ्या मंडळीचे असेल तर गोऱ्हा, अधिपतीचे असेल तर बोकड, सामान्य माणसाचे असेल तर शेळी किंवा मेंढी. रक्ताची जागाही त्याप्रमाणे बदले. गोऱ्ह्याचे रक्त आत नेऊन पडद्यासमोर सात वेळा शिंपडत आणि धूपवेदीच्या शिंगांना लावत. अधिपतीच्या आणि सामान्य माणसाच्या अर्पणाचे रक्त बाहेरच्या होमवेदीच्या शिंगांना लावले जाई. जितका अधिकार मोठा, तितका त्याच्या पापाचा डाग आतवर पोचतो, असा त्यातला हिशेब दिसतो.

दोषार्पणाची रीत निराळी. कोणी शेजाऱ्याची ठेव दाबली, सापडलेली वस्तू लपवली, खोटी शपथ वाहिली, की आधी मूळ रक्कम परत करायची, वर पाचवा हिस्सा भरायचा आणि ते सगळे मालकाच्या हाती द्यायचे. १०० शेकेल दाबले असतील तर १२० परत. मग निर्दोष मेंढा आणायचा. नुसता मेंढा आणून भागत नसे. झालेले नुकसान भरून निघणे हा या अर्पणाचा गाभा आहे.

आता यशयाचे वचन पुन्हा वाचा. सेवक तिथे मेंढ्याच्या जागी उभा आहे. नियमशास्त्रात माणसाला वेदीवर जागाच नाही, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना हे केवढे धक्कादायक वाटले असेल! शिवाय इथे नुसती शिक्षा भोगणे नाही, भरपाईही आहे. आपल्या प्रवचनांत शिक्षेवर पुष्कळ बोलले जाते, भरपाईवर फार थोडे. हे नुकसानच आहे, कारण जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले (लूक १९:८) ते याच वाटेवरचे आहे.

प्रश्न : प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बोकड का लागत? येशू त्यातला कोणता समजायचा?

आधी विधी क्रमाने पाहू. लेवीय १६ मध्ये त्याचा सांगाडा आहे. दुसऱ्या मंदिरात तो कसा चाले याचे बारीक तपशील इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या योमा या भागात आहेत.

दिवस सातव्या महिन्याचा, म्हणजे तिश्रीचा, १० वा. प्रमुख याजकाला सात दिवस आधीच घरातून काढून मंदिराच्या आवारातल्या खोलीत ठेवत. त्या दिवशी तो पाच वेळा स्नान करी आणि आतल्या सेवेसाठी सोन्याची वस्त्रे उतरवून साधी तागाची वस्त्रे घाली. स्वतःच्या आणि घराण्याच्या पापांसाठी गोऱ्हा. लोकांसाठी दोन बोकड. त्यांवर चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी आणि एक अजाजेलासाठी, म्हणजे रानात सोडण्यासाठी, ठरे.

गोऱ्हा कापल्यावर त्याचे रक्त भांड्यात धरून दुसऱ्या माणसाच्या हाती देत आणि तो ते सतत ढवळत राही. याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. रक्ताच्या आधी धूप आत न्यायचा असे आणि तेवढ्या वेळात रक्त गोठले तर शिंपडता येणार नाही. याजक निखाऱ्यांचे धूपपात्र आणि बारीक कुटलेला सुगंधी धूप घेऊन परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सर्वांत आतल्या भागात, जाई, धुराने जागा भरली की बाहेर येई, मग रक्त घेऊन पुन्हा आत. दुसऱ्या मंदिरात कराराचा कोश उरला नव्हता; त्या जागी जमिनीपासून तीन बोटे उंच असा एक दगड होता, असे मिश्ना सांगते. याजक एकदा वर आणि सात वेळा खाली शिंपडी आणि मोजी : ‘एक. एक आणि एक. एक आणि दोन,’ असे ‘एक आणि सात’ पर्यंत. नंतर बोकडाचे रक्तही तसेच. क्रम चुकला तर काहीच केले नाही असे धरत. आतले शिंपडणे पुरे होण्याआधी रक्त सांडले तर नवा पशू कापून ते शिंपडणे पहिल्यापासून.

मग जिवंत बोकड. याजक त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवी, लोकांचे सगळे अधर्म आणि अपराध कबूल करी आणि एका माणसाच्या हाती देऊन त्याला रानात पाठवी.

इथे नीट पाहा. मारलेल्या बोकडाचे रक्त पवित्रस्थान शुद्ध करते (लेवीय १६:१६). पापे घातली जातात ती जिवंत बोकडावर आणि लेवीयमध्ये तो मारला जात नाही. त्याला कड्यावरून ढकलत हे मिश्नात येते, पण तेव्हाही ते वेदीवरचे अर्पण नव्हते. ‘पापे बोकडावर घातली आणि त्याला शिक्षा म्हणून मारले’ असे जे सर्रास सांगितले जाते, त्यात दोन बोकडांचा एक बोकड झालेला असतो.

येशू कोणता? इब्री लोकांस पत्राचा लेखक मारलेल्या पशूंकडे बोट दाखवतो. रक्त घेऊन आत जाणे (९:१२) आणि छावणीबाहेर जाळलेली शरीरे (१३:११-१२) हे दोन्ही त्याने ख्रिस्ताला लावले आहे, पण सोडून दिलेल्या बोकडाचा तो उल्लेखही करत नाही. त्या बोकडाचा ख्रिस्ताशी उघड संबंध जोडला तो नव्या करारात न आलेल्या बर्णबाच्या नावावरील पत्राने. यशया ५३ मात्र, पापे ‘वाहून नेणे’ म्हणते तेव्हा, त्या जिवंत बोकडाची भाषा बोलते. सेवकाच्या एका चित्रात मेंढाही आहे आणि तो बोकडही. म्हणून एकच प्रतीक धरून बसू नये.

प्रश्न : यहुदी म्हणतात, यशया ५३ मधला सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्र. हा अर्थ राशी या यहुदी भाष्यकाराने ११ व्या शतकात ख्रिस्ती लोकांना उत्तर म्हणून काढला असे ऐकले. खरे का?

नाही. राशीने (१०४०–११०५) तो अर्थ नेमका मांडला आणि नंतरच्या भाष्यकारांत तो रूढ झाला हे खरे. पण ओरिगेन या ख्रिस्ती आचार्याने २४८ च्या सुमारास लिहून ठेवले आहे की त्याच्याशी वाद घालणाऱ्या यहुद्यांनी हा अध्याय सगळ्या लोकांविषयी आहे असे सांगितले. म्हणजे राशीच्या आधी आठशे वर्षे हा अर्थ प्रचलित होता. ख्रिस्ती वक्त्यांनी ही चूक आता थांबवावी.

त्या अर्थाला ग्रंथातच भक्कम आधार आहे. ४१:८, ४४:१, ४५:४, ४९:३ या ठिकाणी सेवकाचे नाव सरळ इस्राएल किंवा याकोब असे दिले आहे. ५२:१५ मध्ये राजे स्तब्ध होतात आणि पुढचा ‘आम्ही’ म्हणजे तेच राजे, तीच राष्ट्रे, असे यहुदी भाष्यकार धरतात. तसे वाचले तर अध्याय सुसंगत लागतो.

अडचण येते ती ४९:५-६ मध्ये, कारण तिथे सेवकालाच इस्राएलाला परत आणण्याचे काम दिले आहे. ५३:८ मध्येही तो ‘माझ्या लोकांच्या’ अपराधामुळे मारला जातो. म्हणून सेवक इस्राएल आहे आणि इस्राएलासाठी उभी असलेली कोणी एक व्यक्तीही आहे, असे दोन्ही धरावे लागते. ख्रिस्ती वाचन या दुसऱ्या टोकावर उभे आहे. प्राचीन यहुदी परंपराही एकसुरी नाही. तर्गूम या अरामी भाषांतरात सेवक मशीहा आहे, पण त्याची दुःखे तिथे इतरांवर वळवली आहेत. तालमूद या यहुदी ग्रंथात (सान्हेद्रिन ९८ब) मशीहाचे एक नाव सांगताना ५३:४ चाच आधार घेतला आहे.

वाचताना एक करून पाहा. ५२:१३ ते ५३:१२ ही पंधरा वचने तीन-तीनच्या पाच कडव्यांत विभागा आणि प्रत्येक ओळीपुढे बोलणारा कोण ते लिहा. सुरुवातीला देव बोलतो. मधल्या कडव्यांत ‘आम्ही’ बोलतो. शेवटी पुन्हा देव. सेवक स्वतः एक शब्दही बोलत नाही. ५३:७ मधले कोकरू त्यासाठीच आले आहे. तिथे मुद्दा त्याच्या गप्प राहण्याचा आहे, बलिदानाचा नाही. बलिदान तीन वचने पुढे, मेंढ्याच्या रूपात येते.

प्रश्न : ख्रिस्ती लोकांनी हा अध्याय नंतर बदलला असेल का?

नाही. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या पहिल्या गुहेत १९४७ मध्ये मिळालेली यशयाची मोठी गुंडाळी ख्रिस्ताच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची आहे आणि तिच्यात हा अध्याय आहे. पूर्ण हिब्रू बायबलचे सर्वांत जुने हस्तलिखित १००८ चे, म्हणजे त्या गुंडाळीनंतर सुमारे अकराशे वर्षांनी लिहिलेले. दोहोंत वर्णलेखनाचे पुष्कळ फरक आहेत. अर्थाला लागणारा फरक ५३:११ मध्ये. दुःख सोसल्यावर सेवक ‘प्रकाश पाहील’ असे गुंडाळीत आणि जुन्या ग्रीक भाषांतरात आहे; नंतरच्या हिब्रू पाठात ‘प्रकाश’ नाही. पुनरुत्थानाचा आधार म्हणून हे वचन वापरणाऱ्याने हा पाठभेद सांगूनच वापरावे.

प्रश्न : ‘रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही’ असे असताना मंदिर पडल्यावर यहुद्यांना क्षमा कशी मिळते?

ज्या वचनाचा आधार घेतला जातो ते इब्री ९:२२ पूर्ण वाचा. ‘नियमशास्त्राप्रमाणे बहुतेक सर्व’ रक्ताने शुद्ध होते, असे त्याची सुरुवात म्हणते. ‘बहुतेक’ हा शब्द लेखकाने जाणूनच घातला असणार, कारण लेवीय ५:११ त्याला ठाऊक होते. ज्याला दोन पारवे किंवा पिलेही परवडत नाहीत त्याने एफाचा दहावा हिस्सा, साधारण दोन लिटर, सपीठ आणायचे. त्यात तेल नाही, धूप नाही. तेही पापार्पणच आणि त्यालाही क्षमा. गरिबीमुळे कोणी क्षमेबाहेर राहू नये अशी ती सोय होती.

इ.स. ७० मध्ये मंदिर गेल्यावर यहुदी गुरूंनी होशेय ६:६ चा आधार घेतला आणि पश्चात्ताप, प्रार्थना, दानधर्म यांवर भर दिला. याच योमा भागाच्या शेवटी एक नियम आहे : ‘पाप करीन, प्रायश्चित्ताचा दिवस ते फेडील’ असे म्हणणाऱ्याचे पाप तो दिवस फेडत नाही आणि शेजाऱ्याविरुद्धचे पाप शेजाऱ्याची समजूत काढेपर्यंत फिटत नाही. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले आहे, ते याला किती जवळचे आहे!

प्रश्न : यहेज्केल १८:२० म्हणतो, जो पाप करील तोच मरेल. मग निर्दोष येशूला आमची शिक्षा देणे न्यायाचे कसे?

हा आलेल्या प्रश्नांतला सर्वांत खरा प्रश्न आहे आणि तो झटकून टाकू नये. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून आमचे दात आंबले, अशी म्हण बंदिवासातले लोक म्हणत. यहेज्केल ती मोडून काढतो : वडिलांचा दोष न्यायाधीश मुलावर लादणार नाही. निर्गम ३२:३२-३३ मध्ये तर मोशे स्वतःहून ‘माझे नाव खोड’ म्हणतो आणि देव ते नाकारतो. तेव्हा एका माणसाने दुसऱ्याच्या जागी मरावे ही सोय हिब्रू शास्त्रात सहज मिळत नाही.

म्हणूनच ख्रिस्ती उत्तर त्रयस्थ माणसावर उभे राहू शकत नाही. २ करिंथ ५:१९ सांगते की देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा समेट करत होता. योहान १०:१८ सांगते की तो प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो स्वतः देतो. रागावलेला बाप आणि मार खाणारा परका मुलगा असे चित्र रंगवले की यहेज्केलाचा आक्षेप पूर्ण लागू पडतो आणि पडलाच पाहिजे.

मंडळीने याचे एकच स्पष्टीकरण कधी ठरवले नाही. निकेयाच्या ३२५ च्या आणि कॉन्स्टँटिनोपलच्या ३८१ च्या परिषदांच्या मतांगिकारात (श्रद्धेच्या कबुलीत) ‘आमच्यासाठी’ एवढेच आहे. आरंभीचे आचार्य सैतानाच्या तावडीतून खंडणी देऊन सोडवण्याची भाषा बोलत. अॅन्सेल्म या धर्मपंडिताने १०९८ मध्ये मांडले की देवाचा हिरावलेला मान परत भरून दिला पाहिजे. भरपाई करा नाहीतर शिक्षा भोगा, आणि ख्रिस्ताने भरपाई केली. त्यानंतरच्या आबेलार्द या धर्मपंडिताने भर दिला तो माणसाचे मन पालटवणाऱ्या प्रेमावर. आमच्या जागी शिक्षा भोगली, हे सूत्र १६ व्या शतकात धर्मसुधारक कॅल्विनने ठळक केले. १९३०-३१ मध्ये स्वीडिश धर्मपंडित गुस्ताफ औलेन याने मृत्यू आणि पाप यांवरील विजय हा जुना विचार पुन्हा पुढे आणला. आमच्या मते यशयाच्या दोषार्पणाला सर्वांत जवळ अॅन्सेल्म जातो, कारण त्याच्याकडे भरपाई ही शिक्षेच्या जागी येते. पण ५३:५ मधली ‘शासन’ आणि ‘फटके’ ही भाषा त्याच्या चौकटीत पुरती मावत नाही. तिथे कॅल्विनचे ऐकावे लागते.

प्रश्न : दानीएल ९ मधल्या सत्तर सप्तकांवरून वधस्तंभाचे वर्ष काढता येते का?

काढतात, पण कसे ते पाहा. एक सप्तक सात वर्षांचे धरतात आणि अभिषिक्तापर्यंत ६९ सप्तके मोजतात; ६९ सप्तके म्हणजे ४८३ वर्षे. सुरुवात कुठून करायची यावर सगळे अवलंबून आहे. पारसाचा राजा कोरेश याच्या इ.स.पू. ५३८ च्या फर्मानापासून मोजले तर इ.स.पू. ५५ येते, म्हणजे फार आधी. एज्राच्या ४५८ पासून इ.स. २६. नहेम्याच्या ४४५ पासून इ.स. ३९ आणि येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पिलात ३६ मध्येच पदावरून गेला होता. म्हणून काही जण ३६० दिवसांचे वर्ष धरतात : १,७३,८८० दिवस म्हणजे सुमारे ४७६ सौर वर्षे, आणि उत्तर ३२ वर येते. हिशेबात नेहमी होणारी चूक म्हणजे शून्य वर्ष धरणे. इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येते, म्हणून ४८३ मधून इ.स.पू. चा आकडा वजा करून १ मिळवावा.

अनेक अभ्यासक हा उतारा इ.स.पू. १७१ च्या सुमारास मारला गेलेला याजक ओनियस तिसरा आणि १६७ ते १६४ मधील मंदिराची विटंबना यांना लावतात. नवा करार ‘ओसाडीच्या अमंगळाची’ आठवण काढतो (मत्तय २४:१५), पण ९:२६ मधला छेदला जाणारा अभिषिक्त येशू आहे असे कुठेही उद्धृत करत नाही. जिथे प्रेषितांनी आकडेमोड केली नाही, तिथे तिच्यावर विश्वासाचा पाया घालू नये.

प्रश्न : वल्हांडणाचे कोकरू पापासाठी होते ना?

निर्गम १२ मध्ये पापाचा शब्द नाही. पहिल्या महिन्याच्या १० व्या दिवशी निवडलेले, एक वर्षाचे निर्दोष नर कोकरू १४ व्या दिवशी संध्याकाळी कापायचे, एजोब या झुडपाच्या जुडीने रक्त दोन्ही दारबाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचे, मांस भाजून खायचे, हाड मोडायचे नाही. ते मिसरातून सुटकेचे चिन्ह आहे. पापहरण आणि सुटका हे दोन धागे एकत्र विणले ते योहानाने (१:२९ आणि १९:३६).

प्रश्न : अभ्यासगटात हा विषय कोणत्या क्रमाने घ्यावा?

चार बैठका पुरतात. पहिलीत लेवीय ४ ते ६:७ आणि १६. फळ्यावर चार रकाने पाडा : कोणाचे पाप, कोणता पशू, रक्त कुठे, उरलेल्याचे काय. दुसरीत यशया ४० ते ५५ सलग मोठ्याने वाचा. ५३ एकटाच उघडला की सेवकाची आधीची ओळख हरवते आणि वाद सुरू होतात. तिसरीत यिर्मया ३१:३१-३४, यहेज्केल १८ आणि ३६:२५-२७.

नवा करार चौथ्या बैठकीपर्यंत उघडू नका. मग ५३ व्या अध्यायाची आणि त्याच्या आरंभाची उघड अवतरणे एकेक काढा. मत्तय ८:१७ मध्ये विषय आजार बरे करण्याचा आहे. योहान १२:३८ आणि रोम १०:१६ मध्ये लोकांच्या अविश्वासाचा, रोम १५:२१ मध्ये सुवार्ताकार्याचा, लूक २२:३७ मध्ये अपराध्यांत गणले जाण्याचा. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूशी अधिकारी वाचतो ते अवतरण ‘माझ्या लोकांच्या अपराधामुळे’ या शब्दांच्या अगदी अलीकडे थांबते. आमची पापे वाहिली हा अर्थ उघडपणे घेतो तो १ पेत्र २:२२-२५. मार्क १०:४५ आणि इब्री ९:२८ मध्ये त्याचे पडसाद आहेत, तेही वाचा. पेत्राचे पत्र मात्र २२ व्या वचनापासून सुरू करू नका. १८ व्यापासून वाचा, म्हणजे पेत्र हे कोणाला सांगतो आहे ते कळेल : कठोर धन्यांकडून विनाकारण मार खाणाऱ्या दासांना.